रेवड्यांवरची कुस्ती आणि धाकट्यांचा चषक



आज मी तुमच्याशी फुटबॉलविषयी चार शब्द बोलणार आहे. हिंगोली जिल्ह्यात राहून फुटबॉलविषयी बोलायचे, म्हणजे तुमच्यापैकी काही जण हसतील. म्हणतील, आमच्याकडे हळदीचा भाव विचारा, सोयाबीनवरची कीड विचारा, फार तर कबड्डी-खोखोचे विचारा. फुटबॉलचे आम्हाला काय विचारता? म्हणणे खोटे नाही. पण आजचा विषय वरवर फुटबॉलचा असला, तरी आतून तो हरणाऱ्यांचा आहे. आणि हरणे म्हणजे काय, हे कोरडवाहू शेती करणाऱ्याला माझ्यासारख्या मास्तराने सांगावे असे थोडेच आहे!

मी स्वतः खेळाडू नव्हे. महाविद्यालयात शिकवतो. पण शालेय सामने असले की नोंदीच्या टेबलाशी बसायचे काम माझ्याकडे येते. माझे अक्षर बरे आहे असे आमचे क्रीडाशिक्षक मित्र म्हणतात. काही वर्षांपूर्वी असाच एका सामन्याला बसलो होतो. आषाढ संपत आलेला. रात्रभर पाऊस पडून गेलेला आणि मैदान काळ्या मातीचे. ज्याने ही माती तुडवली आहे त्यालाच कळेल, की दहा पावले चालले तर पायाला शेर-शेर चिखल चिकटतो. सेनगाव तालुक्यातल्या एका खेड्याच्या शाळेचा संघ काळीपिवळी करून आला होता. मुलांच्या पायांत बूट होते, पण सगळ्यांच्या नव्हे. समोर शहरातल्या मोठ्या शाळेचा, रोज सराव करणारा संघ. तासाभरात खेळ आटोपला. सात विरुद्ध शून्य.

मी कागदावर सही घेत होतो, तेव्हा त्या खेड्यातल्या संघाचा गोलरक्षक टेबलापाशी आला. अंगभर चिखल. सात गोल खाल्लेले पोर. रडत असेल असे मला वाटले. पण त्याने विचारले, “सर, आमची पुढची मॅच कव्हा हाय?”

मी म्हटले, “बाळा, तुम्ही हरलात ना? आता पुढच्या वर्षी.”

तो म्हणाला, “मी तं दहावीत हाय, सर.”

एवढे बोलून तो पोरांत जाऊन भाकरी खायला बसला. श्रोतेहो, त्याच्या त्या वाक्यात फार मोठा प्रश्न आहे. त्या मुलाच्या आयुष्यातला फुटबॉल त्या दिवशी सकाळी सुरू झाला आणि तासाभरात संपला. त्याचे उत्तर शोधता शोधता मी जे थोडेफार वाचले, ते आज तुमच्यापुढे मांडतो.

सामने खेळवण्याच्या मुख्य पद्धती दोन. एक साखळी पद्धत आणि दुसरी बाद पद्धत. साखळीत प्रत्येक संघ प्रत्येकाशी खेळतो. बाद पद्धतीत जो हरला तो गेला, जिंकला तो पुढे. आता गणित पाहा. आठ संघ असले, तर साखळीत अठ्ठावीस सामने होतात. बाद पद्धतीत फक्त सात. कारण सोपे आहे. प्रत्येक सामन्यात एक संघ बाद होतो आणि शेवटी एकच उरायचा असतो. म्हणजे संघ जितके, त्याहून सामने एकाने कमी. बत्तीस संघ असोत की दोनशे, हिशेब चुकत नाही. संघांची संख्या आठ, सोळा, बत्तीस अशी बसत नसेल, तर काहींना न खेळता ‘पुढे चाल’ मिळते. अकरा शाळा आल्या तर सोळाला पाच कमी, म्हणून पाच शाळांना पुढे चाल. शिक्षकबंधूंनी हे गणित वर्गात जरूर घालावे; मुले ते आनंदाने सोडवतात.

वेळ थोडा, मैदान एक, पैसा बेताचा; म्हणून आपल्याकडे बहुधा बाद पद्धतच चालते. पण तिची दुसरी बाजू अशी, की पुढे चाल कोणालाच नसेल, तर आलेल्या संघांपैकी निम्मे एकच सामना खेळून घरी जातात. आणि जे आधीच दुबळे आहेत, ज्यांना खेळायला सगळ्यांत कमी मिळते, तेच बहुधा पहिल्या फेरीत जातात. ज्याला सरावाची गरज अधिक त्याला सामने कमी, आणि जो तयार आहे त्याला सामने अधिक! विहिरीचे सगळे पाणी आधीच ओल्या असलेल्या वाफ्याला सोडण्यातला हा प्रकार आहे.

मग बाद पद्धत वाईटच का? तसेही नाही. गंमत अशी, की ही पद्धत दुबळ्याची वैरीण आहे तशी मैत्रीणही आहे. समजा, एखादा धाकटा संघ थोरल्याशी पाच वेळा खेळला तर त्यातून एकदा जिंकू शकतो. एकाच सामन्यावर निकाल लावायचा, तर त्याला पाचात एक संधी आहे. पण तीन सामन्यांत जो दोन जिंकेल तो खरा, असे ठरवले, की तीच संधी दहात एकवर येते. सामने जितके वाढवाल तितका थोरल्याचा थोरलेपणा सिद्ध होत जातो. त्यात फुटबॉलमध्ये गोल मोजके. कबड्डीत चढायांवर चढाया होतात, गुणांचा ढीग पडतो आणि बळकट संघ बहुधा वर येतोच. फुटबॉलमध्ये मात्र एक चेंडू पंजातून निसटला, चिखलात एक पाय घसरला, की तेवढ्यावर डाव फिरतो.

आपल्याच देशातले उदाहरण घ्या. १९११ साली कलकत्त्याच्या आयएफए ढालीच्या स्पर्धेत मोहन बागान हा बंगाली मुलांचा संघ गोऱ्या पलटणींना एकामागून एक बाद करीत गेला. २९ जुलैला अंतिम सामन्यात त्यांनी ईस्ट यॉर्कशायर पलटणीला दोन विरुद्ध एक असे हरवले. अकरांपैकी दहा जण अनवाणी खेळत होते. गुलाम देशाने राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवले, ते बाद पद्धतीच्या स्पर्धेत.

अलीकडचे उदाहरण फ्रान्सचे. २००० साली त्यांच्या राष्ट्रीय चषकात कॅले या बंदराच्या गावाचा चौथ्या श्रेणीतला संघ अंतिम फेरीत गेला. खेळाडू कोण? हौशी. कोणी गोदीत काम करणारा, कोणी दुकानात, कोणी शाळेत शिकवणारा. त्यांनी उपांत्य फेरीत बोर्दो या संघाला हरवले, आणि बोर्दो हा आदल्या वर्षीचा फ्रान्सचा विजेता होता! अंतिम सामन्यात पहिला गोलही कॅलेनेच केला. शेवटी नांत संघाने अखेरच्या मिनिटाच्या पेनल्टीवर सामना दोन विरुद्ध एक असा जिंकला. पण नांतच्या कप्तानाने कॅलेच्या कप्तानाला बोलावून घेतले आणि दोघांनी मिळून चषक वर धरला.

ही गोष्ट ऐकली की कोणालाही बरे वाटते. पण ती इथेच संपत नाही. तोच कॅलेचा क्लब पुढे कर्जात बुडाला आणि २०१७ साली बंद पडला. म्हणजे एका दिवसाचा चमत्कार टाळ्या मिळवून देतो, पण संघ जगवत नाही. एका वर्षी पाऊस बरा झाला म्हणून शेतकऱ्याचे दैन्य फिटत नाही; त्याला दरवर्षीचे पाणी लागते. धाकट्या संघांना दरवर्षीचे पाणी कसे मिळेल?

याचे एक उत्तर इंग्लंडने शोधले. तिथला फुटबॉलचा राष्ट्रीय चषक १८७१-७२ साली सुरू झाला. पहिल्या वर्षी जेमतेम पंधरा संघांनी नावे दिली होती. सुरुवातीला तो खेळ साहेबलोकांचा. बड्या शाळांतून शिकलेल्यांचा. पण १८८३ साली ब्लॅकबर्न ऑलिंपिक नावाच्या संघाने ओल्ड इटोनियन्सना अंतिम सामन्यात दोन विरुद्ध एक असे हरवले. एका बाजूला ईटनच्या शाळेचे माजी विद्यार्थी, दुसऱ्या बाजूला कापडगिरणीतले विणकर, कातारी आणि लोखंडाच्या कारखान्यातले कामगार! त्यानंतर दोनच वर्षांत पैसे घेऊन खेळण्याला रीतसर मान्यता मिळाली. मग व्यावसायिक संघ इतके तयार झाले, की हौशी संघांचा त्यांच्यापुढे निभाव लागेना. म्हणून १८९३-९४ पासून हौशी संघांसाठी वेगळा राष्ट्रीय चषक निघाला. त्याला लोक जात नसतील असे तुम्हाला वाटेल. पण १९५१ साली त्याच्या अंतिम सामन्याला लंडनच्या वेम्बली मैदानावर एक लाख माणूस जमला होता.

१९७४ साली हौशी आणि व्यावसायिक हा भेदच तिथे काढून टाकला. मग मोठा प्रश्न आला: आता खेड्यापाड्यांतल्या लहान क्लबांनी खेळायचे कुठे? त्यांच्यासाठी त्याच हंगामात एक नवी बाद स्पर्धा सुरू केली. ‘एफए वाज’ हे तिचे नाव. वाज म्हणजे फुलदाणी. तिथल्या फुटबॉलच्या उतरंडीत नवव्या-दहाव्या पायरीवर असलेले संघ तिच्यात खेळतात. दरवर्षी पाचशेहून अधिक संघ नावे देतात. १९७५ साली पहिली फुलदाणी हॉडस्डन टाउन या संघाने जिंकली. तिचा अंतिम सामना राष्ट्रीय संघ जिथे खेळतो त्या वेम्बलीवर होतो. दिवसभर सुतारकाम, गवंडीकाम, टपाल वाटण्याचे काम करणारी माणसे शेवटी देशातल्या सर्वांत मोठ्या मैदानावर उतरतात. गावाच्या बसेस भरून लोक जातात. एक दिवस का होईना, त्या गावाचे नाव सगळा देश घेतो.

इथे एक शंका निघते, आणि ती रास्त आहे. धाकट्यांसाठी वेगळा चषक म्हणजे वेगळी पंगत नव्हे काय? थोरले आत पाटावर आणि धाकटे ओसरीवर, असा तर हा प्रकार नाही? वेगळ्या पंगतीचे दुःख या देशातल्या माणसाला ठाऊक आहे. म्हणून या शंकेला उडवून लावू नये.

तिचे उत्तर मला इंग्लंडात नव्हे, आपल्या जत्रेतल्या फडात सापडले. हिंगोलीचा दसरा तुम्हाला माहीतच आहे. आपल्याकडचे कुस्त्यांचे फडही तुम्ही पाहिले असतील. फड सुरू कसा होतो? एकदम लाखाची कुस्ती लागते का? नाही. आधी लंगोट लावलेली चिल्लीपिल्ली उतरतात. त्यांच्या कुस्त्या रेवड्यांवर. मग नारळावर. मग शंभरावर, पाचशेवर. जोड पाहून जोड लावतात. दिवस कलला की शेवटची मोठी कुस्ती. आता त्या रेवड्यांवरच्या पोराला कोणी हिणवतो का? उलट सगळ्यांत मोठा हशा आणि सगळ्यांत मोठे कौतुक त्याचेच. माती तीच, हलगी तीच, पंचही तेच. आणि पुढे जो मोठा पहिलवान होतो, तो कधीतरी रेवडी जिंकलेलाच असतो.

म्हणजे पंगत वेगळी असण्यात अपमान नाही. दार बंद असण्यात अपमान आहे. रेवडीवरचा पोरगा उद्या नारळावर खेळू शकतो, म्हणून ती रेवडी गोड. इंग्लंडातही फुलदाणीसाठी खेळणारे पुष्कळ क्लब त्याच वर्षी मोठ्या राष्ट्रीय चषकाच्या पात्रता फेऱ्यांतही उतरतात. धाकट्यांचा चषक मिळाला म्हणून थोरल्या चषकाचे दार त्यांना बंद होत नाही. या दोन गोष्टी सांभाळल्या पाहिजेत: मैदान तेच द्यावे आणि दार उघडे ठेवावे.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. फुटबॉल आपला नव्हे असे म्हणणाऱ्यांना मी एक आठवण करून देतो. १९५६ पर्यंत आपला भाग हैदराबाद राज्यात होता. आणि त्या काळी हैदराबाद म्हणजे भारतीय फुटबॉलचे माहेरघर. मुंबईची रोव्हर्स चषक स्पर्धा १८९१ सालची. तीही बाद पद्धतीची. तिथे पहिली पंचेचाळीस वर्षे गोऱ्या पलटणींचीच सद्दी होती. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने तो चषक प्रथम हिंदी संघाच्या हाती आणला. पुढे १९५० पासून १९५४ पर्यंत लागोपाठ पाच वर्षे हा चषक कोणी जिंकला? हैदराबाद सिटी पोलिसांनी! कलकत्त्याचे नामांकित संघ बघत राहिले.

त्या संघाचे गुरू सय्यद अब्दुल रहीम. मूळचा पेशा शिक्षकाचा. शिक्षकबंधुभगिनींनी हे नाव विसरू नये. मुलांना घडवण्यासाठी ते तऱ्हेतऱ्हेच्या छोट्या स्पर्धा भरवीत. एकीत चेंडू पायात खेळवत बसायचे नाही, लगेच जोडीदाराला द्यायचा. दुसरीत ज्या पायाने खेळायची सवय नाही त्याच पायाने खेळायचे. म्हणजे त्यांनी दुबळ्या पायालासुद्धा त्याची स्वतःची स्पर्धा दिली! याच रहीमसाहेबांच्या हाताखाली भारताने १९५१ साली दिल्लीत आणि १९६२ साली जकार्तात आशियाई सुवर्णपदक जिंकले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये आपण चौथे आलो. तिथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसूझा हा आपल्या मुंबईचा खेळाडू. १९६३ साली रहीमसाहेब गेले. त्यानंतर आशियाई सुवर्णपदक आपल्याला पुन्हा मिळालेले नाही.

शाळकरी मुलांसाठीही एक राष्ट्रीय चषक आहे. हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी यांच्या नावाचा. १९६० साली तो सुरू झाला आणि त्याच वर्षी मुखर्जी वारले. तालुक्यापासून निघून जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढत शाळा थेट राष्ट्रीय स्पर्धेला जाते. २०१२ पासून मुलींचाही गट आहे. तिथे पोचलेल्या संघांना आधी गटवार साखळी सामने मिळतात आणि मग बाद फेरी. पण खाली, जिल्ह्याच्या पायरीवर, जिथे माझा तो गोलरक्षक उभा होता, तिथे बहुधा एक हार म्हणजे घरचा रस्ता. वरच्यांना सामने अधिक आणि खालच्यांना एकच, हे उलटे झाले पाहिजे असे मला वाटते.

यासाठी सरकारी आदेशाची वाट पाहायला नको. उपाय जुना आणि साधा आहे. आठ शाळा घ्या. पहिल्या फेरीत चार हरतील. त्या चौघांना घरी पाठवू नका. त्यांचे आपसात दोन सामने लावा आणि जिंकणाऱ्या दोघांचा अंतिम सामना घ्या. मूळचे सात आणि हे तीन मिळून दहा सामने. म्हणजे तीनच सामने वाढले, पण प्रत्येक मूल निदान दोनदा खेळले. दहा-दहा मिनिटांचे दोन डाव ठेवले, तर एका मैदानावर सकाळी आठला सुरुवात करून दुपारी एकच्या आत सगळे आटोपते. मुले दुपारच्या गाडीने घरी जातात.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. एक, हरलेल्यांचा अंतिम सामना मुख्य अंतिम सामन्याच्या लगेच आधी, त्याच मैदानावर, त्याच पंचांकडून खेळवावा. कोपऱ्यात उरकून टाकू नये. आणि दुसरे, त्याचे बक्षीस त्याच हाताने, त्याच टेबलावरून द्यावे.

आम्ही हे करून पाहिले. पुढच्या वर्षी थंडीच्या दिवसांत आसपासच्या आठ शाळांचे शिक्षक एकत्र आले. हरलेल्यांच्या चषकासाठी पैसे उरले नव्हते, म्हणून एका गुरुजींनी घरचा पितळी तांब्या चिंच लावून घासून आणला. त्या तांब्यासाठी जो अंतिम सामना झाला, तो मुख्य सामन्यापेक्षा अटीतटीचा झाला. आणि ज्या शाळेने तांब्या जिंकला, ती सात गोलांची शाळा नव्हे बरे का! ती दोन्ही सामने हरली. पण दुसरा फक्त एका गोलाने. सातावरून एकावर येणे, हीही प्रगतीच की!

तो गोलरक्षक त्या दिवशी आला होता. तो आता शाळेत नव्हता. वसमतच्या बाजूला हळदीच्या कामावर जात असे. बोटे पिवळी झालेली. मला पाहून ओळखीचे हसला. लाइनमन कमी पडत होता, म्हणून आम्ही त्याच्या हाती निशाण दिले. सकाळभर तो रेषेवरून धावत होता. त्याला खेळायला मिळाले नाही, हे खरेच. त्याची वेळ आम्ही गमावली होती आणि ती परत देणे आमच्या हाती नव्हते. संध्याकाळी जाताना त्याने निशाण घडी करून माझ्या टेबलावर ठेवले आणि विचारले, “सर, पुढच्या साली बी ठेवणार ना?”

श्रोतेहो, तुमच्या गावातही असा एखादा मुलगा, एखादी मुलगी असेल. त्यांच्या या प्रश्नाला ‘हो’ म्हणता यावे, यासाठी आठ शाळा, एक चेंडू, एक पितळी तांब्या आणि एक सकाळ लागते. एवढे तुम्ही कराल अशी आशा बाळगतो.